शिक्षकाचा कळवळा : खानदेशाच्या शैक्षणिक इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

१

शाळांच्या इतिहासाची साधने बहुधा ठरलेली असतात : इमारती, अनुदाने, पटसंख्या, परीक्षांचे निकाल, संस्थापकांची चरित्रे. शिक्षकाने वर्गात काय शिकविले याचा अंदाज या साधनांवरून बांधता येतो. वर्गात, वर्गाबाहेर आणि विशेषतः छात्रालयात त्याने विद्यार्थ्यांकडून काय ऐकले, आणि त्या ऐकण्याचा त्याच्या मनावर कोणता परिणाम झाला, याविषयी मात्र ही साधने मौन पाळतात. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार खानदेशापुरता करावयाचा आहे.

ज्याच्यावर प्रत्यक्ष संकट कोसळलेले नाही, परंतु संकटग्रस्तांच्या सहवासात राहून ज्याने त्यांचे दुःख वारंवार पाहिले वा ऐकले, त्याच्याही ठिकाणी संकटग्रस्तासारखीच लक्षणे उत्पन्न होतात. त्याची झोप उडते, ऐकलेले प्रसंग डोळ्यांपुढे येत राहतात, त्या विषयाचा उल्लेखही तो टाळू पाहतो, क्षुल्लक कारणाने चिडतो, आणि अखेरीस त्याच्या मनाला एक प्रकारची बधिरता येते. मानसशास्त्रात या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास अलीकडचाच आहे. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या अधिकृत वर्गीकरणात आघातोत्तर विकाराला स्थान दिले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९० मध्ये, मॅककॅन व पर्लमन या दोघींनी आघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्यांच्या मनावर होणाऱ्या परिणामाकडे लक्ष वेधले. १९९२ मध्ये जॉइन्सन यांनी परिचारिकांच्या संदर्भात करुणेलाही थकवा येतो असे लिहिले. आणि १९९५ मध्ये चार्ल्स फिगली यांच्या संपादित ग्रंथाने या विषयाला निश्चित स्वरूप दिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपरोक्त वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत, व्यवसायाच्या ओघात आघातकारक घटनांचे तपशील पुनःपुन्हा समोर येणे हेही विकाराचे एक कारण म्हणून मान्य झाले. तेथे दिलेली उदाहरणे मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्यांची आणि बालकांवरील अत्याचारांचा तपास करणाऱ्या पोलिसांची आहेत. शिक्षकाचे उदाहरण त्यांत नाही.

या अवस्थेच्या इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर करून मराठीत 'दुय्यम आघातजन्य ताण' असे म्हणता येईल. परंतु ही संज्ञा फसवी आहे. फारसीतून आलेल्या 'दुय्यम' या शब्दाचा मूळ अर्थ केवळ 'दुसरा' असा असला, तरी मराठीत त्याला 'खालच्या दर्जाचा', 'कमी महत्त्वाचा' ही छटा चिकटली आहे. दुय्यम निबंधक, दुय्यम स्थान, दुय्यम दर्जाचे साहित्य हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. जो ताण आधीच दुर्लक्षिला गेला, त्याला नावानेच कमी लेखणे योग्य होणार नाही. म्हणून प्रस्तुत लेखात 'परदुःखजन्य ताण' ही संज्ञा वापरली आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. परदुःखजन्य ताण ही वस्तू खानदेशातील शिक्षकाला नवी नाही. मराठी भाषेनेही ती ओळखली होती. परंतु तिच्यासाठी जे शब्द रूढ झाले ते गुणाचे वा दोषाचे शब्द होते, दुखापतीचे नव्हते. त्यामुळे शिक्षकाच्या वाट्याला स्तुती आली, क्वचित निंदाही आली. विश्रांती आणि आधार मात्र आला नाही.

२

पूर्वीचा खानदेश जिल्हा १९०६ साली विभागला गेला आणि जळगाव हे मुख्य ठाणे असलेला पूर्व खानदेश व धुळे हे मुख्य ठाणे असलेला पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. आज आपण ज्यांना जळगाव व धुळे म्हणतो ते हेच जिल्हे होत. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा काढण्यात आला.

जुना पंतोजी गावातच राही, पालकांकडून धान्याच्या वा पैशांच्या रूपाने मोबदला घेई आणि मुलांना लेखन-वाचन व उजळणी शिकवून सायंकाळी घरी पाठवी. मुलाचे सुखदुःख ही त्याच्या घरच्यांची बाब होती. इंग्रजी माध्यमिक शाळांबरोबर ही व्यवस्था बदलली. हायस्कुले तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी निघाली, आणि शिकू इच्छिणाऱ्या खेड्यातील मुलाला घर सोडून तेथे येऊन राहणे भाग पडले. त्यातून छात्रालय ही संस्था उदयास आली. छात्रालयाने शिक्षकाच्या कामाचे स्वरूपच पालटले. आजारी मुलाच्या उशाशी बसणे, घरून आलेले पत्र वाचून रडणाऱ्या मुलाला समजावणे, फी भरण्यास पैसे नाहीत म्हणून शाळा सोडू पाहणाऱ्यास थोपवून धरणे, ही कामे कोणत्याही नियमावलीत नव्हती. ती शिक्षकाकडे आपोआप आली.

या छात्रालयांत येणारी मुले कोणत्या काळातून आली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. वडीलधाऱ्यांच्या तोंडी अद्याप विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे इ. स. १८९९-१९०० च्या 'छप्पनच्या दुष्काळा'च्या आठवणी होत्या. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेला प्लेग पुढे अनेक वर्षे इलाख्यात ठाण मांडून होता. त्यावर १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली. या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटलेली जनगणनेत दिसते. या साथीचे वैशिष्ट्य असे की, ती लहान मुले व वृद्ध यांच्याप्रमाणेच वीस ते चाळीस वर्षे वयाच्या धडधाकट स्त्री-पुरुषांनाही घेऊन गेली. हे वय तरुण आईबापांचे. म्हणून १९२० नंतरच्या दशकात हायस्कुलांतून बसलेली पिढी ही साथीतून वाचलेल्या, आणि कित्येकदा आईस, बापास वा दोघांसही मुकलेल्या मुलांची पिढी होती. त्या पिढीच्या शिक्षकाने काय ऐकले असेल याची कल्पना यावरून येते.

३

या पार्श्वभूमीवर अमळनेरचे उदाहरण पाहावे. बोरी नदीच्या काठच्या या गावी श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने गिरणीबरोबरच तत्त्वज्ञान मंदिर आणि हायस्कूलही उभे राहिले होते. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ च्या जूनमध्ये या हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० च्या एप्रिलअखेरीस मिठाच्या सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला. साने गुरुजी या नावाने महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, त्यांचा शाळेतील शिक्षकाचा काळ अशा रीतीने अवघा सहा वर्षांचा आहे. तरीही त्यांच्या पुढील लेखनाचा झरा मुख्यतः या सहा वर्षांतून, आणि त्यातही छात्रालयातून, वाहिलेला आहे.

छात्रालयाची व्यवस्था हाती आल्यावर त्यांनी मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले, आजारी मुलांची शुश्रूषा केली, मुलांसाठी हस्तलिखित छात्रालय दैनिक चालविले आणि १९२८ पासून 'विद्यार्थी' हे मासिक काढले. चरित्रकार या गोष्टी त्यांच्या सेवावृत्तीची प्रमाणे म्हणून सांगतात, आणि ते यथार्थच आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट दिसते. येथे शिक्षकाच्या दिवसाला अंत उरलेला नाही. शाळा सुटली तरी मुले समोरच आहेत. मुलाची चिंता वर्गाच्या दाराशी ठेवून घरी जाता येईल असे घरच वेगळे नाही. परदुःखजन्य तणावाच्या अभ्यासकांनी जी कारणे पुढे सांगितली, त्यांत दुःखाशी होणारा दीर्घकाळचा अखंड संपर्क, ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातील तशीच जुनी जखम, आणि आपला भार हलका करण्यास समव्यवसायी माणसांचा अभाव, ही तीन प्रमुख आहेत. पहिले कारण छात्रालयाच्या रचनेतच होते. दुसऱ्याविषयी प्रसिद्ध गोष्ट आहे : साने यांच्या मातोश्री १९१७ साली वारल्या तेव्हा ते शिक्षणासाठी दूर होते. मातृवियोगाचे दुःख घेऊन आलेला मुलगा त्यांच्यापुढे उभा राही, तेव्हा ऐकणारा आणि सांगणारा यांच्यामध्ये फारसे अंतर उरत नसणार.

तिसऱ्या कारणासंबंधी पुढील घटनाक्रम उद्बोधक आहे. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर एक, अशी अठरा प्रवचने दिली आणि ती साने यांनी लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्या टिपणांतून सिद्ध झाला. पुढील वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वरवर पाहता तुरुंगवास हा कष्टाचा काळ. परंतु ज्याच्याजवळ आपले मन मोकळे करता येईल असा समानांचा समुदाय शाळेने या शिक्षकाला दिला नव्हता, तो तुरुंगाने दिला, असे म्हणावे लागते.

'श्यामची आई'ची रचनाही या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहे. आईच्या आठवणींचे पुस्तक म्हणून ती सर्वतोमुखी झाली. पण तिचा आराखडा ऐकण्याचा आहे. श्याम रात्रीमागून रात्र आपल्या सोबत्यांना आठवणी सांगतो. सोबती ऐकतात, त्यांची मने हेलावतात, आणि तरीही दुसऱ्या रात्री ते पुन्हा जमतात. सांगणे नेमलेल्या वेळी होते, मंडळीत होते, प्रार्थनेनंतर होते, आणि त्या रात्रीपुरते थांबते. दुःख ऐकण्यालाही काही मर्यादा, काही सोबत आणि काही विधी असावा लागतो, ही जाण या रचनेत आहे. वर्षानुवर्षे एकट्याने ऐकलेल्या शिक्षकाने ती रचावी, याला अर्थ आहे.

पुढील काळातील त्यांच्या आयुष्याचा आलेख सर्वज्ञात आहे. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ मध्ये, प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केले. आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. अशा घटनेचे कारण एकच नसते, आणि मृत व्यक्तीवर आजच्या रोगाचे नाव लादणे हे इतिहासाचे काम नव्हे. येथे पाहावयाचे आहे ते इतकेच की, त्या मृत्यूचे वर्णन करताना समाजाने कोणते शब्द वापरले. 'मातृहृदयी', 'हळवे', 'संतप्रवृत्तीचे', 'देशाच्या स्थितीने व्यथित झालेले' हे ते शब्द होत. हे सर्व शब्द माणसाच्या स्वभावाचे वर्णन करतात. सव्वीस वर्षे इतरांचे दुःख वाहिलेल्या माणसाची कोणती झीज झाली, हे सांगणारा शब्द त्यांत एकही नाही.

४

हे उदाहरण एका असामान्य व्यक्तीचे आहे, असा आक्षेप येईल. म्हणून सामान्य शिक्षकांकडे वळू. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तत्कालीन पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती मारले गेले. शिरीषकुमारला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. नंदुरबारात या बालवीरांचे स्मारक उभे आहे आणि त्यांची स्मृती दरवर्षी जागविली जाते. ते सर्वथा उचित आहे.

परंतु मुले मारली गेली म्हणजे कोठे तरी वर्गांत जागा रिकाम्या झाल्या. हजेरीपटावरील नावे कोणी तरी वाचली आणि एखाद्या नावाशी थांबला. मारल्या गेलेल्या मुलांचे मित्र, भाऊ, गोळीबार डोळ्यांनी पाहिलेली मुले पुढे बसलेली असताना कोणी तरी भूगोल शिकविला. ती व्यक्ती सरकारच्या वा अनुदानित शाळेच्या नोकरीत असल्यामुळे तिला उघड शोक करण्याचीही मोकळीक नव्हती. १९४२ च्या आंदोलनाच्या प्रचलित कथनात वीर आहेत, भूमिगत कार्यकर्ते आहेत, पोलीस अधिकारी आहेत. वर्गावर परत गेलेला शिक्षक नाही. त्याने काही केले नाही, म्हणून तो इतिहासात आला नाही. त्याने जे सोसले, त्याची नोंद ठेवण्याचा प्रघात नव्हता.

५

नोंद का ठेवली गेली नाही, या प्रश्नाचे एक उत्तर भाषेत सापडते.

'कळ' म्हणजे तीव्र शारीरिक वेदना. त्यावरून 'कळवळणे' हे क्रियापद. ते स्वतःच्या दुःखासाठीही योजतात व दुसऱ्याच्या दुःखासाठीही : पोटशुळाने रोगी कळवळतो, आणि त्याला पाहून आई कळवळते. म्हणजे परदुःख हे ऐकणाऱ्याच्या शरीराला होणारे दुःखच आहे, हे ज्ञान या क्रियापदात साठविलेले आहे. परंतु त्यावरून झालेले 'कळवळा' हे नाम पाहावे. रोग्याला पोटशुळाचा 'कळवळा' येत नाही. कळवळा नेहमी दुसऱ्याविषयी येतो, आणि तो सद्गुण असतो. क्रियापदातील वेदना नामात येईपर्यंत गळून पडली आणि केवळ सात्त्विकता उरली. 'आतडे तुटणे', 'जीव तुटणे', 'काळजाला घरे पडणे' हे वाक्प्रचारही असेच : शब्दशः घेतल्यास भयंकर इजांची वर्णने, व्यवहारात प्रेमाची प्रशस्तिपत्रे.

दुसरे निरीक्षण क्रियारूपांविषयी आहे. 'भरून येणे', 'गहिवरून येणे', 'दाटून येणे', 'गलबलून येणे' या सर्व संयुक्त क्रियापदांत 'येणे' हे साहाय्यक आहे, आणि अनुभव घेणारा चतुर्थीत असतो : 'मला भरून आले'. आभाळ भरून यावे आणि पाऊस पडून मोकळे व्हावे, तशी ही भावना येते आणि ओसरते, असे या रचनेत गृहीत आहे. एका प्रसंगासाठी हे शब्द समर्पक आहेत. परंतु जे ओसरत नाही, दर वर्षाच्या नव्या तुकडीबरोबर ज्यात भर पडत जाते, त्या साठ्यासाठी या मालिकेत शब्द नाही. 'ओझे', 'दडपण', 'शीण' हे शब्द टिकणाऱ्या अवस्थेचे खरे. पण शिक्षक ते वापरतो तेव्हा ऐकणारा ते कामाच्या तासांविषयी आहेत असे समजतो.

तिसरे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऐकून ऐकून मन बधिर होणे हे परदुःखजन्य तणावाचे प्रमुख लक्षण आहे. मराठीत या अवस्थेला कोणते शब्द आहेत? 'कोडगा', 'निर्ढावलेला', 'पाषाणहृदयी'. हे सर्व दूषणाचे शब्द आहेत. याला एकच अर्धा अपवाद दिसतो, तो 'निबर' या शब्दाचा. वेळेवर न तोडलेली भेंडी निबर होते. निबर होण्यात काळ जावा लागतो, आणि जे निबर झाले ते कधी तरी कोवळे होते, हे त्या शब्दात अध्याहृत असते. खानदेशातील शेतमळ्यांच्या परिसरात हा शब्द सर्वांना समजतो. परंतु 'मन निबर झाले' असे शिक्षकाने स्वतःविषयी म्हटले, तर तो कबुलीजबाब ठरतो. तक्रार ठरत नाही.

सारांश, शिक्षकापुढे भाषेने दोनच जागा ठेवल्या. तो कळवळला तर मातृहृदयी, आणि बधिर झाला तर कोडगा. पहिल्या जागेवरून मदत मागणे म्हणजे आपल्या सद्गुणाची तक्रार करणे होय. दुसऱ्या जागेवरून मदत मागणे म्हणजे आपला दोष जाहीर करणे होय. म्हणून शिक्षक गप्प राहिला. दप्तरांतील मौनाचे एक कारण असे शब्दसंग्रहात आहे.

६

हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. अमळनेरच्या छात्रालयासारखी परिस्थिती आज सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांतील आदिवासी मुलांच्या निवासी आश्रमशाळांतून आढळते. तेथेही घर दूर आहे, दिवसाला अंत नाही, आणि आजारी मुलाच्या उशाशी बसणारा माणूस बहुधा शिक्षक किंवा अधीक्षकच असतो. कापसाच्या पट्ट्यातील शाळांत कर्जाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचा मुलगा वा मुलगी वर्गात असणे ही शिक्षकाला अपरिचित गोष्ट उरलेली नाही. २०२० च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत अनेक ठिकाणी शिक्षकांना घरोघर पाठविण्यात आले. पुढच्या वर्षीच्या लाटेनंतर शाळा उघडल्या तेव्हा आईबाप गमावलेली मुले त्यांच्याच पुढे येऊन बसली. १९१८ नंतरच्या पिढीचे चित्र शंभर वर्षांनी पुन्हा उमटले.

याशिवाय कायद्याने ऐकण्याचे हे काम आता शिक्षकावर बंधनकारक केले आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे, असा अपराध घडल्याचे ज्याला कळेल त्याने तो कळविलाच पाहिजे. न कळविल्यास कलम २१ प्रमाणे शिक्षा आहे. मुलाच्या रक्षणासाठी ही तरतूद अत्यावश्यक आहे, आणि तिला कोणाचा विरोध असू नये. परंतु मूल प्रथम ज्याच्यापाशी बोलते तो पुष्कळदा शिक्षक असतो. त्याने काय करावे हे कायदा सांगतो. ते ऐकल्यानंतर त्याच्या स्वतःच्या मनाचे काय करावे, याची व्यवस्था शाळेत नाही. मृत्यूच्या दारी गेलेल्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी कायद्याने बदलली आहे. १९५० साली आत्महत्येचा प्रयत्न हा सरळ गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावयास सांगितले आहे. गुन्ह्याच्या जागी ताण हा शब्द येण्यास सदुसष्ट वर्षे लागली. शिक्षकाच्या बाबतीत सद्गुण आणि दोष यांच्या जागी ताण हा शब्द येण्यास तितका काळ लागू नये.

यासाठी फार मोठा खर्च लागतो असे नाही. केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतच असतात. त्यांत अहवाल आणि परिपत्रके यांच्या जोडीला, शिक्षकांनी एकमेकांचे ऐकण्यासाठी नेमलेला वेळ असावा. तो वेळ ठरलेला असावा, मंडळी ठरलेली असावी, आणि तेथे बोललेले कोणाच्याही गोपनीय अहवालात जाऊ नये. 'श्यामची आई'तील रात्रींना जी मर्यादा आणि जी सोबत होती, तिचाच हा शालेय अवतार होय.

भाषेच्या अभ्यासकांवरही एक काम येऊन पडते. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील निवृत्त शिक्षक आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांतील अनेकांनी अहिराणी, लेवा गणबोली, भिली वा पावरी बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठी शिकविले, आणि त्या मुलांचे दुःख मात्र त्यांच्या बोलीत ऐकले. या शिक्षकांच्या मौखिक कथनांचे संकलन झाल्यास, प्रमाणभाषेत न सापडणारे शब्द या बोलींत आहेत की काय, हे तपासता येईल. आणि शैक्षणिक इतिहासालाही एक नवे साधन मिळेल. असे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक पथ्य पाळावे. त्यांनी एका दिवसात एकाच शिक्षकाचे कथन घ्यावे, आणि परत आल्यावर ते आपल्या सोबत्यांपाशी बोलून मगच टिपणे लिहावयास बसावे. कारण तेव्हा ऐकणाऱ्याच्या जागी ते स्वतः असतील.